सहा सह्यांची लाल पेटी

लंडन. मंगळवार, १४ सप्टेंबर १९२०

फायलींची पेटी परत आली. न उघडता!

सकाळी दहाला कौन्सिलातल्या चौथ्या साहेबाच्या टेबलावर ठेवली, संध्याकाळी चारला उचलली. पट्टा मी आवळला होता तसाच. साहेबानं दिवसभर तिच्यावर हॅट ठेवली होती. त्या खोलीत खुंटी नाही म्हणे. चार खिडक्या आहेत, दोन गालिचे आहेत, मेलेल्या घोड्याचं तैलचित्र आहे — खुंटी नाही!

सार्जंट टॅपलीला सांगितलं. टॅपली म्हणजे आम्हा चपराशांचा मुकादम. छातीवर चार पदकं, तोंडात दात एकही नाही. म्हणाला, "टॅफी, तुला पेटी वाहायला ठेवलंय. ती उघडली का नाही ते बघायला नाही." वेल्समधून आलेला प्रत्येक जण यांच्या लेखी टॅफी. इडवल म्हणायला जीभ वळत नाही. मेजर-जनरल-ऑफ-अमुक-तमुक म्हणायला बरोब्बर वळते.

ही वही आमच्या भाषेत लिहितोय. घरमालकीण सगळ्या भाडेकरूंच्या उशा उचलून बघते. बघ म्हणावं. बस वाचत!

गुरुवार, १६ सप्टेंबर

आज लष्कराच्या कौन्सिलचा दिवस. सात वाजता शेगडी पेटवली. खुर्च्या पुसल्या. सहा दौती भरल्या, सहा टाक, सहा टीपकागद. साडेबारापर्यंत कोणीही आलं नाही. टॅपलीनं दारातून डोकं घातलं — "विझव."

जुलैपासून बारा गुरुवार झाले. बारा वेळा पेटवली, बारा वेळा विझवली. एवढ्या कोळशात आमची आई दोन हिवाळे काढेल.

आणि हेच लोक म्हणे अख्खं लष्कर चालवतात! गावी असताना मला वाटायचं, मोठा नकाशा असेल, जनरल लोक टेबलावर मुठी आपटत असतील. इथे धूळ आहे. ती मीच पुसतो.

सहा जण आहेत. पहिला लढाईचा. दुसरा माणसांचा — भरती, रजा, शिक्षा, सगळं त्याच्याकडे. तिसरा पोटाचा आणि पायांचा — भाकरी, बूट, घोडे. चौथा तोफांचा. पाचवा हिशेबाचा, तो सैनिक नाही, काळ्या कोटातला. आणि टेबलाच्या टोकाला मंत्री, तो निवडणुकीबरोबर येतो आणि जातो. नावं असतीलच त्यांना, पण इथे कोणी घेत नाही. "दुसऱ्याला सर्दी झालीय." "तिसरा शिकारीला गेलाय." असंच बोलतात, तबेल्यातल्या जनावरांबद्दल बोलावं तसं.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

कौन्सिल बसतच नाही तर मग चालतं कसं? टॅपलीला विचारलं. चहा पिताना खुशीत होता. सांगितलं —

फाईल पेटीतून फिरते. तिला एक चिठ्ठी लावलेली असते, चिठ्ठीवर सहा नावं. एकानं सही केली की दुसऱ्याकडे. तिघांच्या सह्या झाल्या की कौन्सिलनं ठरवलं असं धरायचं. मग पत्र निघतं — "कौन्सिलच्या आज्ञेवरून कळविण्यात येते की". सहाही जण एका खोलीत यायची गरजच नाही. एकमेकांचं तोंड बघायची गरज नाही.

"आणि मधेच सहातला एखादा बदलला तर?"

"तर जुनी चिठ्ठी फाडायची. नव्यानं पाहिलेली नाही ना! नव्या माणसापासून पुन्हा सुरुवात."

"तिघांच्या सह्या झालेल्या असल्या तरी?"

"पत्र टपालात पडेपर्यंत काही झालेलं नसतं, टॅफी. इथे सगळं टपालात पडल्यावर होतं."

मग त्यानं घोड्यांच्या तोबऱ्यांची गोष्ट सांगितली. तोबरे अर्धा इंच खोल करावेत का, अशी एक फाईल होती. सहाच्या सहा सह्या झाल्या. पत्र निघायच्या आदल्या दिवशी तिसरा निवृत्त झाला. पुन्हा पहिल्यापासून. फाईल तीन वर्षं फिरली. तोवर पलटणीचे घोडे विकले, मोटारी आल्या. गेल्या महिन्यात हुकूम निघाला — तोबरे अर्धा इंच खोल करा! टॅपली हसून हसून खोकला. मला हसू आलं नाही. चहा तसाच टाकला.

सोमवार, २० सप्टेंबर

आईचं पत्र. आणि त्यामागोमाग आणखी एक कळलं.

आधी पत्र. गावात दगड उभा राहतोय — लढाईत गेलेल्यांच्या नावांचा. आमच्याच खाणीतला, पाटीच्या दगडाचा, आठ फूट. सतरा नावं. ७ नोव्हेंबरच्या रविवारी चॅपलसमोर उघडायचा. माझ्या भावाचं, एमरिसचं, नाव नाही. कमिटी म्हणते, तुमच्या मुलाच्या नावापुढे लष्करानं "गैरहजर" लिहिलंय, मेला असं लिहिलेलं नाही. पळालेल्यांसाठी दगड नाही.

पळालेला! एमरिस!

खाणीत कडा सुटला तेव्हा मी खाली साखळीला लटकत होतो. बाकीचे पळाले. माझी साखळी एकट्या एमरिसनं धरून ठेवली. माझी तीन बोटं गेली पायाची, म्हणून लष्करानं मला घेतलं नाही. साखळीत त्याची दोन गेली, डाव्या हाताची. त्याला घेतलं. भरतीवाला म्हणाला, बंदुकीचा घोडा ओढायला उजवा हात पुरतो. तो माणूस पळेल? तोफेच्या गोळ्यानं चिखलात गाडला गेला असणार तो फ्रान्सात, त्या सतरा सालच्या ऑगस्टात. किती जण असे गेले. कोणाला सापडले?

आमच्या पाद्रीबाबांनी मार्चमध्येच कौन्सिलला अर्ज केलाय. उत्तर नाही. गवंडी हू ओवेन आईला मानतो. नावं बाराखडीच्या क्रमानं आहेत, नंतर मधे घालता येणार नाही, म्हणून त्यानं पॅरी आणि रीस यांच्यामध्ये एक ओळ कोरी ठेवलीय. आई लिहिते, "इडवल बाळा, लोक येता जाता त्या कोऱ्या ओळीकडे बघतात. नाव नसतं तर एवढं बघितलं नसतं. तू तिथेच आहेस, बघ ना काय झालं."

तिथेच आहे! आज पेटी नेताना झाकणातली यादी पहिल्यांदा नीट वाचली. सातवी ओळ — प्रिचर्ड, ई. आणि आमच्या पलटणीचा आकडा.

जुलैपासून मीच वाहतोय त्याला. माझ्या काखेत.

बुधवार, २२ सप्टेंबर

टॅपलीच्या आवक-जावक वहीतून बघितलं. पहिल्याची सही एप्रिलमध्येच झाली. तो सगळ्यावर सही करतो, न्याहारीच्या बिलावरसुद्धा करेल. पाचव्याची मेमध्ये. म्हणजे एक हवी. एक!

मग गाडी कुठे अडलीय? दुसऱ्याकडे फाईल जाते. वर टाचण असतं — "प्रथम तिसऱ्यांनी पाहावे." तिसऱ्याकडे जाते — "प्रथम दुसऱ्यांनी पाहावे." अकरा वेळा! अकरा वेळा ती बोळातून इकडून तिकडे गेलीय, सहा वेळा माझ्याच हातानं. चाळीस पावलांचा बोळ आहे.

टाचणं साहेब लोक लिहीत नाहीत. अक्षर पिंकनीचं आहे.

पिंकनी म्हणजे कागदांच्या खोलीतला म्हातारा कारकून. काडीसारखा. दिवसभर पेपरमिंट चघळतो. बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघतो. पेट्या तोच भरतो, चिठ्ठ्या तोच लावतो. अशा माणसाच्या हातात माझा भाऊ! त्याच्या कफांवर शाईचा एक डाग नाही. असल्या स्वच्छ माणसांची मला शिसारी येते.

रविवार, २६ सप्टेंबर

चॅपलला गेलो नाही. नदीकाठानं चालत राहिलो. बोटीत चढून कुठेतरी निघून जावं असं वाटतं. ऑस्ट्रेलिया. कुठेही. जिथे कौन्सिल नाही.

शुक्रवार, १ ऑक्टोबर

काल बसले! खरोखर बसले! मी शेगडीपाशी कोळसा घालायला आत होतो. सगळं ऐकलं. कान धुवावेसे वाटतायत.

नऊ विषय होते. नववा एमरिस. पिंकनी मंत्र्यामागे उभा, हातात फायली, गालात गोळी.

पहिला विषय — वाजंत्री पथकातला मोठा ढोलवाला पोटावर बिबळ्याचं कातडं बांधतो. खरी कातडी महाग झालीत, तर रंगवलेलं मेंढीचं चालेल का?

चौथा म्हणाला, "पावसात रंग उतरेल."

तिसरा म्हणाला, "मग पावसात वाजवू नये."

दुसरा म्हणाला, "माझ्या पलटणीचा बिबळ्या मी स्वतः मारलाय. त्याच्या जागी मेंढी? जवान काय म्हणतील!"

"जवानांना काय कळतंय, लांबून."

"मला कळेल."

पन्नास मिनिटं! बिबळ्यावर पन्नास मिनिटं! मधे मंत्र्यानं माझ्याकडे बघून म्हटलं, "जरा जास्त कोळसा घाल." मग कोणी तरी म्हणालं, नमुना मागवावा. ठरलं — दोन कातडी मागवायची, एक खरं, एक खोटं, आणि पुढच्या बैठकीला टेबलावर ठेवून लांबून बघायचं. सहावा विषय संपताच मंत्र्यानं घड्याळ काढलं. पार्लमेंटात जायचं होतं. उठले.

पिंकनीनं उरलेल्या तीन फायली पेटीत परत घातल्या. एमरिसची सगळ्यात खाली. मी बघितलं, मुद्दाम खाली घातली. आणि त्याच्या तोंडावर — मला दिसलं ते — समाधान होतं. जेवण झाल्यासारखं.

रात्रीचा मटणाचा पाय कुत्र्याला घातला.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

कौन्सिल कोण ते आज कळलं. कौन्सिल म्हणजे पिंकनी!

पेटी आणायला गेलो तर लिहीत बसला होता. "कौन्सिलच्या आज्ञेवरून मला कळविण्यास सांगण्यात येते की कौन्सिलनं या विषयाचा सखोल विचार केला असून" — मी त्याच्या खांद्यावरून एकेक अक्षर लावत होतो. कोणता विचार? कोणी केला? काल दुसरा दाढ काढायला गेला होता, मंत्री स्कॉटलंडला आहे! सखोल विचार केला पिंकनीनं, पेपरमिंट चघळत, एका पायावर दुसरा पाय ठेवून. खाली सचिवाचा शिक्का. कुठली तरी बाई ते पत्र देवासमोर ठेवून वाचेल. तिला वाटेल सहा जनरल आपल्यासाठी बसले.

शनिवार, ९ ऑक्टोबर

धीर केला. पिंकनीकडे गेलो. टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. आई, दगड, कोरी ओळ.

तो म्हणाला, "प्रिचर्ड." इथे तेवढा तोच मला आडनावानं हाक मारतो. टॅफी म्हणत नाही. म्हणून जास्तच राग येतो. "प्रिचर्ड, तू फाईल उघडून वाचलीस?"

"नाही साहेब. चपराशानं वाचायची नसते."

"छान. वाचू नकोस."

"साहेब, एकच सही राहिलीय. तुम्ही दुसऱ्यांपुढे नुसती वर ठेवली तरी —"

"कागदांना आपापली गती असते."

"दगडाला तारीख आहे, साहेब! सात नोव्हेंबर!"

खांद्यापलीकडे बघत म्हणाला, "तुझ्या आईला लिही, धीर धरा म्हणावं. कोरी ओळ वाईट नसते." आणि गोळीचा डबा पुढे केला. एक घे म्हणून! मला!

डबा हातानं लोटला. गोळ्या सांडल्या. त्यानं वाकून एकेक उचलली. असल्या माणसाच्या तोंडावर थुंकावं तर थुंकी वाया जाईल.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

शेगडी पेटवली. विझवली.

टॅपली सांगतो, चौथा ३१ तारखेला निवृत्त होतोय. गावी जाऊन गुलाब लावणार. १ नोव्हेंबरला नवा येतो.

म्हणजे चिठ्ठी फाडायची. पहिल्याची सही गेली, पाचव्याची गेली. नव्या चौथ्यापासून पुन्हा सुरुवात! मार्च ते ऑक्टोबर सगळं पाण्यात. दगड तोपर्यंत उघडून झालेला असेल. कोऱ्या ओळीवर शेवाळ चढेल.

दोन आठवडे आहेत.

गुरुवार, २१ ऑक्टोबर

दुसऱ्यावर पाळत ठेवलीय. सवयी बघतो.

दहाला येतो. अकराला घोड्यांच्या शर्यतीचा पेपर. साडेबाराला सह्या. पावणेएकला बाहेर मोटार वाजते, क्लबात जेवायला जायचं असतं. मोटार वाजली की उभ्यानं सह्या करतो — एका हातात टाक, दुसऱ्या हाताला चाकर कोटाची बाही चढवतोय. पान उलटून बघत नाही. मी बोटानं दाखवतो तिथे सही! मी दाखवतो! हा माणूस लढाईत लाखो माणसांच्या रजा आणि शिक्षा बघत होता. बाही चढवता चढवता.

फक्त फाईल वर हवी. आणि वरचं टाचण नको. पण पेटी पिंकनी भरतो.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

पिंकनी आला नाही. छातीत कफ झालाय म्हणे. दहा दिवस तरी येणार नाही. देवाची करणी! माणसाच्या आजाराचा आनंद होऊ नये. झाला.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

केलं!!

आज कागदांच्या खोलीत कोणी नव्हतं. पेटी मीच भरली. एमरिसची फाईल शोधली. जाड आहे, फितीनं बांधलेली. वरच्यावर आमच्या पाद्रीबाबांचा अर्ज टाचलेला — तेच गोल अक्षर, ज्यानं मला रविवारच्या शाळेत मुळाक्षरं घालून दिली. डोळ्यांत पाणी आलं. खालचे कागद सोडले नाहीत, वेळ कुठे होता, आणि ते इंग्रजी माझ्या आवाक्यातलं नाही. चिठ्ठीवर छापलेलं तेवढं लागलं — "शिफारस मान्य असल्यास सही करावी." पिंकनीचं टाचण काढून खिशात घातलं.

पावणेएक. मोटार वाजली. दुसरा उभा राहिला, चाकरानं कोट धरला.

"हे काय आहे?"

"सह्या, साहेब."

"किती?"

"चार, साहेब. इथे. इथे. इथे. आणि ही."

चौथी एमरिसची. टाक अडला. शाई संपली होती! त्यानं टाक झटकला, गालिच्यावर डाग पडला, पुन्हा बुडवला आणि केली. तारीखसुद्धा घातली. मग मला म्हणाला, "तुझं नाव काय?"

"प्रिचर्ड, साहेब."

"चांगलं नाव आहे," म्हणाला आणि गेला. त्याच नावावर आता सही केली होती. ओळखलं नाही!

तीन सह्या. कौन्सिलनं ठरवलं! एमरिस, ज्यांना तुझं तोंड माहीत नाही, नाव माहीत नाही, त्यांच्याकडून काढून घेतलं बघ मी.

आईला आजच लिहिलं — हू ओवेनला छिन्नी लावायला सांग.

शनिवार, ३० ऑक्टोबर

पत्र अजून निघालं नाही. का? तर पत्र पिंकनी लिहितो. तो आजारी. दुसरं कोणी? "त्याच्यासारखं कोणाला येत नाही," टॅपली म्हणतो. जगभर पलटणी पसरल्यात यांच्या, आणि एका म्हाताऱ्याला खोकला झाला की सगळ्या लष्कराची वाचा बसते! किळस आली मला. खरंच किळस.

येऊ दे परत. तीन सह्यांपुढे त्याचं काय चालणार?

सोमवार, १ नोव्हेंबर

नवा चौथा आला. तरुण आहे, उंच. मला "गुड मॉर्निंग" म्हणाला. महिनाभरात विसरेल. जुनी चिठ्ठी फाडायला कागदांच्या खोलीत कोणी नाही, म्हणजे माझ्या तीन सह्या शाबूत.

बुधवार, ३ नोव्हेंबर

आईचं पत्र. नाव कोरलं!

"हू ओवेननं तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं, मग कमिटीला न विचारता बसला छिन्नी घेऊन. म्हणाला, इडवलनं लंडनच्या मोठ्या ऑफिसातून लिहिलंय म्हणजे झालं, सरकारी पत्र मागून येईल. मी बोट फिरवून बघितलं. एमरिसमधला ए खोल आहे. दुकानवाली मेरी ऍन तीन वर्षांनी माझ्याशी बोलली. रविवारी मी काळा झगा घालणार."

टॅपलीला बिअर पाजली. त्यानं विचारलं, "मुलगी पटली का रे टॅफी?" हो म्हणालो.

गुरुवार, ४ नोव्हेंबर

पिंकनी आला. चेहरा मेणासारखा, गळ्याभोवती लोकरीचा पट्टा. फायली बघता बघता एकदम थांबला. चिठ्ठी उजेडात धरली. मग दार लावून घेतलं.

"ही तू पुढे ठेवलीस."

"हो! आणि तुम्हाला काय करायचं ते करा. काढून टाका मला."

"बस. वाच."

"चपराशानं —"

"वाच, प्रिचर्ड."

त्यानं फीत सोडली. शेवटचं पान काढलं. मला अडलं तिथे बोट ठेवून शब्द सांगत गेला. लहान मुलाला शिकवावं तसं.

कार्डिफच्या पोलिसांचं पत्र. फेब्रुवारीतलं. तिथल्या गोदीत कोळशाच्या होड्यांवर एक माणूस आहे, वेगळं नाव लावतो. चॅपलमध्ये खर्जात गातो. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नाहीत. हाच तो पलटणीतून पळालेला प्रिचर्ड असावा. त्याच्याखाली दुसऱ्याच्या कचेरीतल्या कुणा मेजरची शिफारस — फरारी ठरवून अटकेचा हुकूम काढावा. कौन्सिलची मान्यता असावी. त्याच्याखाली माझ्या तीन सह्या.

पाद्रीबाबांचा अर्ज नंतर आला. त्याच नावाचा म्हणून वरून टाचला. इतकंच.

जिवंत आहे! खर्जात गातो! आणि खरंच पळाला होता. एमरिस पळाला होता. आणि मी —

पिंकनीसाहेब खोकले. बराच वेळ खोकले. मग गोळी तोंडात टाकली. "मार्चपासून फिरवतोय ही. कोणी बसत नाही, कोणी वाचत नाही. म्हटलं, त्याचा कुणाला तरी उपयोग व्हावा. अशा अकरा फायली आहेत माझ्याकडे. एकही अजून ठरलेली नाही." थांबून म्हणाले, "नव्हती."

"का, साहेब? तुमचं कोण होतं त्यात?"

"माझं काम कागद फिरवायचं आहे," म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "पत्र मी अजून लिहिलेलं नाही. आणि सोमवारी नवा चौथा आलाय."

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

जुनी चिठ्ठी शेगडीत घातली. नवी लावली. सहा नावं, सहा कोऱ्या जागा.

आईला काही लिहिलं नाही. रविवारी त्याच्या नावावर फुलं पडू देत. दगडावर आहे तो तिथे बरा आहे.

पेटी नव्या चौथ्याच्या टेबलावर ठेवली. तो हॅट हातात घेऊन खोलीभर खुंटी शोधत होता.

मी म्हणालो, "साहेब, पेटीवर ठेवा ना. सगळे तिथेच ठेवतात."